मुंग्या येणं म्हणजे ब्लॉकेज उघडणं नव्हे

आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आलाय: 'रोज अर्धा तास जोरात कपालभाती करा, 21 दिवसांत बीपीची गोळी सुटेल. हातापायांना मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं तर घाबरू नका, ब्लॉकेज उघडत आहेत. शरीराला दहापट ऑक्सिजन मिळतो. ध्यान करणाऱ्याला डिप्रेशनची गोळी लागत नाही. आपल्या ऋषीमुनींनीच सांगितलंय.' मंडळातल्या दोघींनी बीपीची गोळी बंदही केली. म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी मुंग्या. कपालभातीत पोट आत मारून श्वास झटक्यानं बाहेर टाकायचा असतो. आत येणारा श्वास आपोआप येतो, तो ओढायचा नसतो. नवशिके नेमका तोही ओढतात, खांदे उडवतात, चेहरा आवळतात. असं जोरात आणि फार वेळ केलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. मग मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून डोकं हलकं होतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. म्हणजे काहीही उघडत नाही, उलट आवळतं. ही थांबायची खूण आहे, आणि मेसेज सांगतो रेटत राहा! हृदयाच्या धमनीत साचलेला चरबीचा थर पोटाच्या झटक्यानं निघत नाही.

दहापट ऑक्सिजनचं म्हणाल, तर धडधाकट माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला की बसल्या जागी 95 ते 100 टक्के दिसतं. दहापट मावायला जागाच नाही.

ऋषीमुनींचं नाव घेताय तर स्वात्मारामांची हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ उघडा, दुसरा उपदेश, म्हणजे अध्याय. कपालभाती तिथे षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत आहे, आणि तिचं काम सांगितलंय कफदोष सुकवण्याचं. बीपीचा तिथे संबंध नाही. षट्कर्मं कोणी करावीत? ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त, त्यानं; दोष समतोल असलेल्यानं ती करू नयेत, असं स्पष्ट म्हटलंय. आणि त्याच उपदेशात इशारा आहे: सिंह, हत्ती, वाघ जसे 'शनैः शनैः' वश होतात तसाच वायू, घाई केली तर तो साधकालाच मारतो. अर्धा तास जोरात करायचा सल्ला या ग्रंथाच्या नावावर खपवू नका.

शिकणाऱ्यानं 20 ते 30 झटक्यांचं एक आवर्तन करावं, सेकंदाला एकापेक्षा वेगानं नाही. श्वास पूर्ण शांत होईपर्यंत थांबावं, मग दुसरं. अशी तीन पुरेत, जेवणानंतर तीन-चार तासांनी. बीपी आटोक्यात नसेल, हर्निया, काचबिंदू, फिट्स असतील, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा दिवस गेले असतील, तर मुळीच नाही.

आता गोळी. योगानं बीपी उतरतं यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. चार आकड्यांत श्वास घेणं, सहा आकड्यांत सोडणं, रोज दहा मिनिटं, न रोखता: असा सराव टिकवला तर बीपी थोडं खाली येतं. पण थोडंच, आणि सराव सुटला की परत चढतं. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी एकदम बंद केली तर नाडी धावते, छातीत दुखतं, आधीच हृदयविकार असेल तर झटकाही येऊ शकतो. क्लोनिडिन ही बीपीचीच दुसरी गोळी तोडली तर बीपी एकदम उसळतं. आणि वाढलेलं बीपी बहुतेकदा जाणवतच नाही, त्यामुळे 'मला तर बरं वाटतंय' याला काही अर्थ नाही.

डिप्रेशनच्या गोळ्यांचंही तेच. अचानक तोडल्या की चक्कर, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं. डॉक्टर त्या कित्येक आठवड्यांत उतरवत आणतात. आजार तीव्र असताना डोळे मिटून तासभर बसवलं तर काहींच्या मनात तेच काळे विचार आणखी घोळतात. ध्यान करायचंच तर पाच मिनिटं, डोळे उघडे ठेवून, किंवा चालता चालता पावलांकडे लक्ष देत.

ज्यांनी बीपीची गोळी सोडली आहे त्यांनी भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नयेत. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, दंड छातीच्या पातळीला ठेवा, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा बीपी मोजा आणि आकडे आजच आपल्या डॉक्टरांना कळवा. 180/120 किंवा त्याहून वर असेल आणि सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.