ग्रुपवर फितुरी कशी माजवावी

बेळगावकडं निपाणीपासून खानापूरपर्यंतच्या भावकीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो, त्यात नोकरीसाठी पुण्याला गेलेले दोघे-तिघे असतात, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाला तरी हुक्की येते, ‘माफिया खेळू या की, पण नियम आपले!’ मूळ खेळ 1980 च्या दशकात मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातून निघाला. खेळाडू म्हणजे गाव, त्यांत थोडे लपलेले फितूर. रात्री ते एकाला उडवतात, दिवसा सगळे मिळून मतदानाने एका संशयिताला बाहेर काढतात. फितूर संपले तर गाव जिंकलं, फितूर बरोबरीला आले तर फितूर जिंकले. नियम एका पानात मावतात. पण एका पानावर भागवणारे ते आपण कसले? असा एक ‘सुधारलेला’ खेळ नुकताच सोसून झालाय, तेव्हा खेळ चालवणाऱ्या होतकरू होस्टमंडळींसाठी हे चार सल्ले.

फितूर किती ठेवायचे याचा हिशेब करत बसू नका. ‘रेझिस्टन्स’ नावाच्या खेळात सात जणांत तीन हेर असतात असं कुठंतरी वाचलेलं असेल, तेच उचला. त्या खेळात कुणी मरत नाही, म्हणून तिथं तीन चालतात, ही बारीक गोष्ट सोडून द्या. आपल्याकडे रात्री एक जण उडतो. म्हणजे सातांत तीन फितूर, पहिल्या रात्री एक गावकरी गेला, उरले तीनास तीन. खेळ खलास! पहिलं मतदानसुद्धा झालं नाही, पण वेळ किती वाचला बघा. डिटेक्टिव्ह, म्हणजे रात्री एकाची खरी बाजू तपासणारा खेळाडू, नसलेल्या खेळात फितुरांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असली तरच दोन्ही बाजूंना संधी राहते, हे ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या गणितज्ञांनी 2008 मध्ये मांडून दाखवलंय. त्यांना दुसरं काम नसेल.

रोल कळवताना मेसेजची सुरुवातच ‘तू फितूर आहेस’ अशी करा. टिळकवाडीच्या घरात एका सोफ्यावर तीन भावंडं बसलेली असतात, मोबाईल मधल्या टीपॉयवर उताणा. नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ झळकली की तिघांनाही एकदमच कळतं. पहिल्या दोन ओळींत ‘नमस्कार, खेळात स्वागत, पुढचं एकट्यानं वाचावं’ असलं काही घातलं आणि गावकऱ्यांनाही तेवढ्याच लांबीचा मेसेज धाडला, तर उगाच गुप्तता राहते.

स्क्रीनशॉटवर बंदी घालू नका. पहिल्याच सकाळी सगळे आपापल्या रोलचा फोटो ग्रुपवर टाकतील आणि ज्याचा येणार नाही तो फितूर. सोपं काम.

फितुरांसाठी वेगळा ग्रुप काढा, त्याला मुख्य ग्रुपसारखंच नाव आणि तोच गणपतीचा डीपी ठेवा. घाईत कुणीतरी ‘आज आत्याला उडवू’ हे मुख्य ग्रुपवर टाकेलच, मग डिलीट करेल, आणि ‘हा मेसेज डिलीट केला’ ही पाटी त्याच्या नावासकट तिथंच लटकत राहील. डिलीट केल्यास काय दंड, हे आधी ठरवायचं नसतं. त्यावर तासभर भांडण झालं पाहिजे.

रात्रीचं काम फक्त फितूर, डॉक्टर (रात्री एकाला वाचवणारा) आणि डिटेक्टिव्हलाच द्या. बाकीचे गावकरी मग काय करतात? कोण ‘ऑनलाइन’ दिसतंय ते बघत बसतात. नऊ ते दहाच्या दरम्यान प्रत्येकाकडून, साध्या गावकऱ्याकडूनसुद्धा, एक नाव मागवलं तर ही पळवाट बुजते. पण मग होस्टला चौदा मेसेज वाचावे लागतात, आणि होस्टला जेवायचं असतं.

चर्चा व्हॉइस कॉलवर ठेवा आणि भाषेचं काही ठरवू नका. ऐन रंगात आली की चिकोडीची मंडळी सरळ कन्नडवर घसरतात, बेळगावकडच्यांना सगळं कळतं, पुण्याचे दोघे ‘काय म्हणाले, काय म्हणाले’ करत आंधळं मत देतात. शेवटी बाहेरही तेच निघतात.

मतदानाला पोल वापरा. एकापेक्षा जास्त उत्तरं देण्याची सोय त्यात आधीपासून चालू असते, ती बंद करू नका. मत नंतर बदलता येतं, तेव्हा वेळेची मर्यादाही नको. बरोबरी झाली तर? ते बरोबरी झाल्यावर बघू.

जांबोटीकडं पावसात लाईट आणि रेंज दोन्ही एकदम जाते. तिकडचा खेळाडू फितूर निघाला तर बदली कोण, हेही तेव्हाच बघू.

आता खरा मसाला, म्हणजे फितुरी. फितुरांना रोज रात्री एका गावकऱ्याला आपल्यात ओढता येईल, असा नियम करा. बारा जणांत दोन फितूर असताना नुसतं उडवण्याचा नियम असेल तर गाव बुडायला चार चुका लागतात, चौथ्या चुकीनंतर दोनास दोन उरतात. ओढण्याच्या नियमात पहिल्या रात्री तीन फितूर, एक मत चुकलं की अकरांत तीन. दुसऱ्या रात्री चार, आणखी एक चुकलं की दहांत चार. तिसऱ्या रात्री पाचास पाच. दोन चुकांत गाव बुडालं. वर काल जो माणूस खरं बोलत होता तो आज खोटं बोलतोय, म्हणजे कालपर्यंत जमवलेले सगळे पुरावे रद्दी. कोण कुणाच्या बाजूनं बोललं, कुणी कुणाला मत दिलं, हे टिपून ठेवणारा मूर्ख. ओढायचंच असेल तर अख्ख्या खेळात एकदाच, त्या रात्री कुणाला उडवायचं नाही, आणि सकाळी ‘काल एक जण फुटला’ एवढं होस्टनं जाहीर करायचं, नाव न घेता. मग गाव पुरावे नव्याने लावू शकतं. पण हे कोण करणार? त्यापेक्षा मोठा मास्टरस्ट्रोक आहे की: ‘शेवटच्या फेरीत कुणीही बाजू बदलू शकतो.’ किंमत काही नाही, अट काही नाही. मग उरलेल्या सहांपैकी पाच जण जिकडं पारडं जड तिकडं उड्या मारतात, पाचही जण जिंकतात, आणि तीन तास डोकं लावून दोन फितूर बरोबर ओळखणारा एकटा हरतो. वर त्यालाच म्हणायचं, ‘अरे गेम आहे, मनाला काय लावून घेतोस?’ हा कसला गेम? फुकटात मिळते ती कसली फितुरी? बाजू बदलायला काहीतरी गमवावं लागलं पाहिजे! बदलायची संधी एकदाच, तीही निम्मे खेळाडू शिल्लक असेपर्यंतच, आणि बदलणाऱ्याची जिंकण्याची अट इतरांपेक्षा अवघड, म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहिला तरच तो जिंकला. मग तो रात्रभर विचार करेल, आणि समोरचाही करेल. मजा त्यात असते.

आणि हा शेवटच्या फेरीतला नियम होता तरी कुठं? कुठंच नव्हता. दाजी बाहेर पडायची वेळ आली तेव्हा होस्टच्या डोक्यातून निघाला. विचारलं तर ‘सरप्राईज होतं’. अहो मालक, फितूर कोण हे लपवायचं असतं, नियम लपवायचे नसतात. नियमच कुणाला माहीत नसतील तर शंका कशावर घ्यायची, खोटं तरी कशाच्या आधारावर बोलायचं? चौदा माणसं सुट्टी मोडून बसतात ती तुमचा लहरीपणा बघायला नाही. फितूर किती, रात्र किती ते किती, मताची वेळ कधी संपते, बरोबरी झाली तर काय, मेलेला बोलला तर काय, रेंज गेली तर बदली कोण, बाजू बदलायची तर कधी आणि कशाच्या बदल्यात: हे सगळं आदल्या दिवशी ग्रुपवर लिहून टाका आणि मग दाजी रुसोत नाहीतर वहिनी, एक अक्षर बदलू नका. होस्टनं स्वतः खेळायचं नाही, रात्रीची नावं बायकोला दाखवायची नाहीत. एवढं झेपत नसेल तर पत्ते काढा आणि मेंढीकोट लावा. तिथं निदान दाजी हरायला लागले म्हणून मधेच हुकूम बदलत नाही.