पिशवी बघ आणि त्याला आत घे

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राने गाझातली एक इमारत कोसळतानाचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, 'याला म्हणतात उत्तर.' त्यावर टाळ्या आणि दंडाच्या बेटकुळ्या. लगेच दुसरीकडून एक मैत्रीण धावून आली. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेला हल्ला हा प्रतिकार होता, कोंडलेल्या माणसांनी दुसरं करायचं तरी काय, असं तिचं म्हणणं. तिलाही बदाम मिळाले. दोघंही माझे जुने मित्र आहेत, दोघांच्या घरी मी जेवलेय, म्हणून तिथे गप्प बसले. इथे मात्र बसणार नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की मी पोस्टडॉकसाठी बीरशेबाला होते. इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेव्हच्या वाळवंटात. शेजारी रेवदंड्याच्या एक मावशी राहायच्या, बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीने गेलेल्या, पण मराठी अजून अशी की मला वाटायचं आपण अलिबागच्या एसटी स्टँडवर उभ्या आहोत. मे २०२१ मध्ये गाझातून रॉकेट यायला लागली. सायरन झाला की तिथे हाताशी जेमतेम मिनिट असतं. आमची बिल्डिंग जुनी, घरात सुरक्षित खोली नाही, त्यामुळे कोपऱ्यावरच्या सार्वजनिक मिकलाटमध्ये, म्हणजे बॉम्बपासून लपायच्या निवाऱ्यात पळायचं. जमिनीखाली काँक्रीटची खोली, जाड लोखंडी दार, प्लास्टिकच्या खुर्च्या, कुणीतरी टाकून दिलेला सोफा आणि बंद तळघराला येतो तसला कुबट वास.

एका रात्री आम्ही आत पोचलो आणि मागून एक पोरगा धावत आला. स्कूटरवरून जेवण पोचवणारा, बेदुइन अरब, म्हणजे नेगेव्हमधल्या मूळच्या भटक्या अरबांपैकी, इस्रायलचाच नागरिक, पाठीवर ती मोठी चौकोनी पिशवी. दारातल्या माणसाने हात आडवा घातला. पोरगा हिब्रूत सांगत होता, ऑर्डर आहे, जेवण आहे. सायरन चालूच. मावशी खुर्चीतून ओरडल्या, 'पिशवी बघ आणि त्याला आत घे! दार लाव!' त्याने चेन उघडली. दोन डबे आणि कोल्ड्रिंकची बाटली. पोरगा आत आला, दार लागलं, आणि वर दोन धमाके ऐकू आले.

तो भिंतीला टेकून आईला फोन लावत होता. नेगेव्हमध्ये बेदुइनांची अशी कितीतरी गावं आहेत ज्यांना सरकारची मान्यताच नाही. पत्र्याची घरं, वीज सरकारी तारेवरून नाही, आणि मिकलाट तर नाहीच. त्याची आई अशाच एका गावात होती. सायरन झाला की ती जमिनीवर पालथी पडते, एवढंच, असं त्याने सांगितलं. मावशींनी त्याला पाणी दिलं.

मावशी म्हणजे कुणी संत नव्हेत हं. कायम लिकुडला, म्हणजे नेतान्याहूंच्या उजव्या पक्षाला मत देणाऱ्या. अरबांबद्दल त्या जे बोलायच्या त्यातलं अर्धं मी इथे लिहू शकत नाही, आणि त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झालीत. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, त्या माणसाने हात आडवा घालायला नको होता. त्या म्हणाल्या, 'का नको? २००४ ला इथेच दोन बसगाड्या उडवल्या, सोळा माणसं गेली. माझी रोजची बस त्याच रस्त्याने जायची. पिशवी बघायचीच. पण बघून झाल्यावर त्याला बाहेर ठेवायचं, हे कुठलं?'

सकाळपासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय, कारण ग्रुपवरच्या दोघांनाही यातलं अर्धंच हवंय.

मैत्रिणीला पिशवी बघायचीच नाहीये. बाई गं, त्या दिवशी सुमारे १२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेली. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या, पाळण्यातली मुलं होती, थायलंडहून शेतावर कामाला आलेले मजूर होते आणि बेदुइन अरबही होते. गाझाच्या सीमेजवळच्या बेरी किबुत्झमधल्या (किबुत्झ म्हणजे सामूहिक वस्ती) व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गाझातल्या आजारी माणसांना गाडीत घालून इस्रायली इस्पितळांत पोचवणाऱ्या. त्या ओलीस असतील अशी कित्येक आठवडे आशा होती, मग घराच्या राखेतून त्यांचे अवशेष ओळखले गेले. याला प्रतिकार म्हणायला जीभ कशी रेटते? आणि हमासने स्वतःच्या लोकांसाठी तरी काय केलं? शेकडो किलोमीटर भुयारं खणली आणि सामान्य माणसाला लपायला एक खोली बांधली नाही. त्यांचा नेता मुसा अबू मरझूक ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड म्हणाला की भुयारं आमच्या लढवय्यांसाठी आहेत, लोकांना वाचवणं हे संयुक्त राष्ट्रांचं काम. म्हणजे सत्ता आमची आणि माणसं दुसऱ्याची!

हो, गाझाची नाकेबंदी होती, २००७ पासून होती, आणि तिने दोन पिढ्या पिचल्या. मान्य. पण ती सुरी पाळण्यापाशी कुणी नेली, याचं उत्तर नाकेबंदी देत नाही.

आणि मित्रा, आता तू. तुला वाटलं असेल ही आपल्या बाजूने बोलतेय. तुला तर पिशवी बघून झाल्यावरही दार लावायचंय, आणि वर बाहेरच्याचा व्हिडिओ काढायचाय. ९ ऑक्टोबरला इस्रायलचे तेव्हाचे संरक्षणमंत्री गॅलंट यांनी गाझाची संपूर्ण कोंडी जाहीर केली. वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. वीस लाखांवर माणसं, त्यातली जवळपास निम्मी मुलं. दूध बंद केल्याने कुणाची सुरक्षा झाली? साठ हजारांहून जास्त माणसं मेली असं तिथलं आरोग्य मंत्रालय सांगतं. तू म्हणशील, ते हमासचं मंत्रालय. बरं, निम्मा आकडा धर. तेवढ्याने तुझी टाळी शोभेल का?

सुरक्षा हा शब्द सगळ्यांना हवा असतो, जबाबदारी आली की पळापळ. इस्रायलच्या लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख हलिवा यांनी ७ ऑक्टोबरचं अपयश मान्य करून राजीनामा दिला. लष्करप्रमुख हलेवी यांनीही दिला. पंतप्रधान नेतान्याहू मात्र जागचे हलले नाहीत, आणि स्वतंत्र सरकारी चौकशी आयोग नेमायलाही ते तयार नव्हते. ज्यांची मुलं मेली ते इस्रायली आईबाप रस्त्यावर उतरून आयोग मागतात आणि आपल्याकडचे भक्त त्यांनाच देशद्रोही म्हणतात. तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त इस्रायली झालात की काय?

आणि हे सगळं ७ ऑक्टोबरला सुरू झालं असं समजू नकोस. त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्ट बँकेतल्या हुवारा या पॅलेस्टिनी गावात दोन तरुण इस्रायली भावांना गोळ्या घालून मारलं. भयानकच. त्याच रात्री इस्रायली वसाहतवाले गावात घुसले, घरं-गाड्या पेटवल्या, आणि त्या हिंसाचारात शेजारच्या गावातला एक पॅलेस्टिनी माणूस मारला गेला. मग अर्थमंत्री स्मोट्रिच म्हणाले की हुवारा पुसून टाकायला हवं, फक्त ते काम सरकारने करावं. गुन्हा मारेकऱ्याचा, शिक्षा अख्ख्या गावाला. हा न्याय आपल्या वाडीला, आपल्या गल्लीला कुणी लावला तर आपण ऐकून घेऊ?

लिहिता लिहिता खूप चिडले बहुतेक. मला भीती कळत नाही असं नाही. नरिमन हाऊस आपण सगळ्यांनी २००८ मध्ये टीव्हीवर पाहिलंय. मिकलाटमध्ये बसून माझेही पाय लटपटले आहेत. त्या मे महिन्यात अश्कलोनमध्ये म्हाताऱ्या बाईची सेवा करणारी केरळची एक मुलगी नवऱ्याशी फोनवर बोलताना रॉकेटने गेली. ती बातमी वाचून माझी आई रोज परत ये म्हणून रडायची. त्यामुळे हात आडवा घालणाऱ्या त्या माणसावर माझा राग उरलेला नाही. त्यालाही घरी मुलं असतील. त्याने पिशवी बघितली, आणि मग हात काढला. हात काढला हे महत्त्वाचं आहे हो.

पण त्या पोराच्या आईचं काय? एप्रिल २०२४ मध्ये इराणने तीनशेहून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. जवळपास सगळी हवेतच पाडली, जगभर कौतुक झालं. त्या रात्री इस्रायलमध्ये गंभीर जखमी झालेली एकच व्यक्ती म्हणजे नेगेव्हमधली सात वर्षांची बेदुइन मुलगी. घर अशाच मान्यता नसलेल्या वस्तीत. कर घेणारं, मत घेणारं, 'आम्ही सर्वांचं रक्षण करतो' म्हणणारं राज्य तिला काँक्रीटच्या चार भिंती देऊ शकलं नव्हतं. तिच्यावर क्षेपणास्त्र सोडणारा इराण होता, त्याला सुट्टी नाहीच. पण भिंती न बांधणारं कोण होतं?

मावशी आता थकल्यात, गुडघे गेलेत. जून २०२५ मध्ये बीरशेबाच्या सोरोका इस्पितळावर इराणचं क्षेपणास्त्र पडलं तेव्हा मी त्यांना फोन केला होता. त्या तिथल्या नर्सांची नावं घेत होत्या, त्यात अरब नर्सा होत्या, त्या सुखरूप आहेत का याची चौकशी चालली होती. आणि त्याच फोनवर गाझाबद्दल असं काही बोलल्या की मला फोन ठेवावासा वाटला. ठेवला नाही. तासभर भांडलो. त्या माझ्या मावशी आहेत आणि त्या चुकतात, आणि मी त्यांना तोंडावर सांगते.

कमेंटमध्ये 'मग हमासचं काय' लिहायला येणाऱ्यांनी वर हमासवर लिहिलंय ते आधी वाचा. 'मग १९४८ चं काय' विचारणाऱ्यांनो, देर यासीनमध्ये मारलेल्या अरबांवर लिहीन, १९२९ ला हेब्रोनमध्ये मारलेल्या ज्यूंवरही लिहीन, दोन्ही एकाच पोस्टमध्ये. मेलेल्या मुलांचे फोटो माझ्या भिंतीवर टाकू नका, कुणाच्याही बाजूचे. टाकलेत तर ब्लॉक करेन. बाकी भांडायला या, उद्या सुट्टी आहे, मी इथेच आहे.