सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की…

अभिनंदन! परिसराच्या नागरिक समितीवर तुमची बिनविरोध निवड झाली आहे. म्हणजे दुसरं कोणी उभं राहिलं नाही आणि तुम्हाला नाही म्हणायला उशीर झाला. आता तुमच्याकडे दोन कामं आली. परिसरात काय चाललंय ते रहिवाशांना कळवत राहायचं आणि त्यांना त्यात सहभागी करून घ्यायचं. घाबरू नका. कुठेही काडीचा फरक न पडू देता ही दोन्ही कामं वर्षानुवर्षं करता येतात. मी केली आहेत. (त्याआधी मी सभेत हात वर करून प्रश्न विचारणाऱ्यांतला होतो. ती खोड कशी गेली, ते ओघात येईलच.)

नवशिके पदाधिकारी पहिली चूक करतात ती माहिती लपवण्याची. लपवलेल्या माहितीचा वास सुटतो. ज्यांना आपल्या गल्लीचं नाव धड सांगता येत नाही, तेही 'पाणी कुठेतरी मुरतंय' म्हणत गोळा होतात. मुरलेला पदाधिकारी माहिती देतो. सढळ हाताने देतो. फक्त ती तीन ओळींत देत नाही, कारण तीन ओळी लोक वाचतात.

समजा रस्ता खोदायचा आहे. 'सोमवारपासून दहा दिवस हा रस्ता बंद' असं लिहिलंत की संपलात. दुसऱ्या दिवशी दारात माणसं: दहाच दिवस कशावरून? मागच्याच वर्षी खोदला होता ना? त्याऐवजी असं लिहा: 'सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की, उपरोक्त विषयान्वये व संदर्भाधीन पत्रांच्या अनुषंगाने…' वाचणारा 'अनुषंगाने'पर्यंत येतो आणि चष्मा घरी राहिल्याचं आठवून निघून जातो. तारीख तिसऱ्या परिच्छेदात ठेवा. कर्मणी प्रयोगावर तर जीव लावा. 'झाडे तोडण्यात येतील.' कोण तोडणार, कोणी ठरवलं, कशासाठी, काही नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, तशी झाडं तोडण्यात येतात. रागवायचं तर कोणावर रागवणार?

मग येतात 'हरकती व सूचना'. हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण यात सगळं काही नियमाप्रमाणे होतं. मुदत तीस दिवसांची द्या, अगदी उदारपणे. सूचना फलकावर लावा सव्विसाव्या दिवशी. सोबत नकाशा जोडा, तो अशा प्रमाणात छापलेला की अख्खा परिसर आगपेटीएवढा दिसावा. तरीही एखादा खमक्या भिंग घेऊन येतोच. त्याची हरकत हसतमुखाने स्वीकारा, त्याच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून द्या. शिक्क्याचा आवाज ऐकून निम्मा राग तिथेच उतरतो, हे माझं निरीक्षण आहे. पुढे उत्तर द्या: 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' हे खोटं नाही. नोंद खरोखरच घेतलेली असते.

सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढायलाही विसरू नका. काहींना वाटतं, ग्रुप झाला की लोक एकत्र येऊन काहीतरी करून बसतील. नाही बसत. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत माणूस फॉर्म भरत बसलाय आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर येऊ लागतो. माणूस एकटा असेल तर शंभरात पंच्याहत्तर जणांनी उठून कोणाला तरी सांगितलं. पण शेजारी धुराकडे बघूनही ढिम्म बसून राहणारे दोघे ठेवले, तेव्हा दहांतला एकच उठला. दोन ढिम्म माणसांनी एवढा परिणाम! तुमच्या ग्रुपात तर अडीचशे असतील. गटार तुंबल्याचा फोटो सकाळी पडतो, त्याखाली तीस अंगठे, चार जोडलेले हात, एक 'कठीण आहे'. तक्रार कोणीतरी केलीच असेल, असं प्रत्येकाला वाटतं. आणि कोणी 'मी करतो तक्रार' म्हणायच्या आत शुभ सकाळचं गुलाब येऊन तो फोटो वर सरकवतं. त्या गुलाबवाल्याला कधीही दुखावू नका. समितीचा एवढा निःस्वार्थ कार्यकर्ता दुसरा मिळणार नाही.

आता सभा. सभा घ्यावीच लागते, आणि लोक येण्याचा धोका असतो. प्राचीन अथेन्समध्ये लोक सभेला यावेत म्हणून लाल रंगात भिजवलेला दोर धरून बाजारात रेंगाळणाऱ्यांना सभेच्या टेकडीकडे हाकत. अंगाला रंग लागला की काय ती शोभा. पुढे इसवी सनपूर्व चौथ्या शतकात तर सभेला येण्याचे पैसे देऊ लागले, आधी एक ओबोल (त्यांचं चांदीचं लहान नाणं), मग दोन, मग तीन. काही ठरावांना सहा हजारांची उपस्थिती लागायची. बिचारे. त्यांना आपल्याकडचं ते सोन्यासारखं वाक्य माहीत नव्हतं: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही.' पुन्हा वाचा. लोक हवेत, पण नसले तर अर्धा तास थांबल्यावर त्यांची गरज संपते. हा अर्धा तास चहा पिण्यात घालवावा.

विषयपत्रिकेची मांडणी ही खरी कला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हे पहिलं. ते सावकाश वाचा, आडनावांसकट. मग एखादा छोटा विषय घ्या. बागेतल्या बाकांचा रंग घ्या. पार्किन्सन नावाच्या ब्रिटिश गृहस्थांनी १९५७ मध्येच हे ओळखलं होतं. त्यांच्या काल्पनिक समितीत अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर होतो आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद होतो, कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. तेव्हा बाकांवर मनसोक्त चर्चा होऊ द्या. हिरवा की तपकिरी? जुने रहिवासी विरुद्ध नवे रहिवासी असा रंग चढला तर उत्तमच. हात वर करून मतदान घ्या, मोजणीत एकदा चुका आणि पुन्हा मोजा. सगळ्यांना लोकशाहीचा घाम आला, घड्याळाकडे नजरा जाऊ लागल्या की शेवटचा विषय काढा: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' मैदानाच्या जागेचा ठराव इथे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, आभारप्रदर्शन. सतरंज्या तोपर्यंत गुंडाळायला लागलेल्या असाव्यात.

एक गोष्ट मात्र चुकूनही होऊ देऊ नका. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ साली नगरपालिकेने नवीन कामांचा पैसा कुठे घालायचा हे वस्त्यांच्या सभांमध्ये ठरवायला सुरुवात केली. पहिल्यांदा लोक फारसे फिरकले नाहीत. इथवर सगळं ठीक होतं. पण त्यांनी नाली मागितली आणि नाली झाली. पाणी मागितलं, पाणी आलं. झालं! पुढे लोक हजारोंनी येऊ लागले. ज्यांना शिक्षण नाही, वेळ नाही, दिवसभर राबून आलेत असे लोक. म्हणजे आपण व्यासपीठावरून ज्याला 'लोकांची उदासीनता' म्हणतो, ती एका नालीने दूर होते, इतकी तकलादू असते. ती जपली पाहिजे. कुठल्याही रहिवाशाची सूचना त्याच वर्षी प्रत्यक्षात उतरणार नाही याची काळजी घ्या. उतरलीच, तर ती त्याची होती हे त्याला कळू देऊ नका. उद्घाटनाला मोठी माणसं बोलवा.

आणि तरीही एक जण उरतोच. सगळ्या समित्यांना तो भेटतो. इतिवृत्ताची प्रत मागतो. 'आयत्या वेळचा विषय आठ दिवस आधी छापून कसा तयार होता?' असं विचारतो. त्याच्यावर ओरडू नका. त्याला नोटीस देऊ नका, हुतात्मा होईल. त्याच्यासाठीचा उपाय एका बाईंनी लिहून ठेवलाय, अर्थात वेगळ्या हेतूने. शेरी आर्नस्टीन या अमेरिकी बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांना गुंडाळणं, सगळ्यात वर सत्ता लोकांच्या हाती. त्या लेखात पॅरिसच्या विद्यार्थ्यांचं एक भित्तिपत्रकही होतं, क्रियापद चालवल्यासारखं: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, आम्ही, तुम्ही, सगळे सहभागी होतात, आणि शेवटी, ते नफा कमावतात. बाईंनी हे टीका म्हणून लिहिलं. मी मात्र ती शिडी पाठ केलीय. माहिती देणं ही तिसरी पायरी, मत विचारणं चौथी. तिथवर आपण बिनधास्त जायचं. पाचवी आहे समजूत घालण्याची: एखाद दुसऱ्या रहिवाशाला समितीत खुर्ची द्यायची, निर्णय आपल्याकडे ठेवायचे. सहावीपासून खरी भागीदारी सुरू होते, तिकडे बघायचंही नाही.

तेव्हा त्या प्रश्नवाल्याला पुढच्या सभेत व्यासपीठावर बोलवा. 'अशा जागरूक नागरिकांची समितीला गरज आहे' म्हणा आणि उपसचिव करा. सूचना लिहिण्याचं काम त्यालाच द्या. पहिली सूचना तो तीन ओळींत लिहील. ती लावू द्या. दारात माणसं येतील, दहाच दिवस कशावरून म्हणून त्याला जेवताना उठवतील, फोन करतील, त्याच्या नावाने ग्रुपात लिहितील. दुसरी सूचना तो थोडी सांभाळून लिहील. चौथ्या सूचनेच्या वेळी रात्री दहाला तो तुमच्याकडे येईल आणि विचारेल, 'इथे "अनुषंगाने" बसतं का?'

मी विचारलं तेव्हा आमचे सचिव काही बोलले नाहीत. माझ्या हातातला कागद घेतला आणि तारीख तिसऱ्या परिच्छेदात नेली.