तेलाने सुटणारी पोटफुगी आणि न सुटणारी आतडी

नमस्कार दादा,

तुमचं म्हणणं असं की, वडील तेल पाजून जनावर उभं करायचे आणि आम्ही जनावरांचे डॉक्टर ऊठसूट पोट फाडायला सांगतो. गरिबाने पैसे आणायचे कुठून, हेही तुम्ही विचारलंय.

वडील चुकत नव्हते. लसूणघास जास्त होऊन फेसाळ फुगी आली, तर गोडेतेलाने फेस मोडतो, आम्हीही ते वापरतो. पण सोलापुरात मार्केट यार्डाच्या आसपास मोकाट फिरणारी गाय सडक्या भाजीसकट कॅरीबॅग गिळते, त्याचं काय? कोठीपोटातून, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातून, पुढे जायची वाट अरुंद. पिशव्या, सुतळी, नायलॉनची दोरी यांचा तिथेच गोळा होतो. रवंथ मंदावतं, डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खोलगट जागा, पुन्हा पुन्हा फुगते. तो गोळा तेलाने विरघळत नाही. जागा बधिर करून, गाय उभी असतानाच डाव्या कुशीतून तो हाताने काढावा लागतो.

आतडं अडलं तर गोष्ट याहून घाईची. सदऱ्याची बाही आत ओढली जावी तसा आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. जनावर पोटावर लाथा मारतं, उठतं-बसतं, वैरण सोडतं. शेण थांबतं, मग शेणाच्या जागी थोडी शेंबडासारखी आव पडते, तीही काळपट रक्ताची. आणि एका दिवसात ते शांत होतं! घरचे म्हणतात, तेल लागू पडलं. खरं तर तोवर आतड्याचा तो भाग मरायला लागलेला असतो. या शांततेत किती चांगली जनावरं हातची जातात, हे बघून फार वाईट वाटतं. वेळेत आणलं तर उजव्या कुशीतून आत जाऊन मेलेला तुकडा कापता येतो आणि चांगली टोकं जोडता येतात. सोबत शिरेतून सलाईन द्यावंच लागतं, कारण अंगातलं पाणी आणि क्षार आधीच ढासळलेले असतात.

पैशाचं म्हणाल, तर आधी 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाईनला फोन करा, सरकारी दवाखान्यात दाखवा. जनावर आडवं पडून गार झालं असेल, तर ऑपरेशन नको, असं मीच सांगतो. त्या खर्चात मालकाला ओढणं मला पटत नाही.

तुम्हाला एकच विनंती. शेण शेवटचं कधी पडलं ते आधी आठवा. दिवसभर पडलं नसेल, तर जीभ ओढून नळकांड्याने तेल ओतू नका. ठसका लागला की तेल फुप्फुसात उतरतं, आणि मग आम्हाला दोन आजारांशी झगडावं लागतं.