रेप्लिका आहे म्हणून निर्धास्त राहू नका

‘फेलओव्हरनंतर डेटाबेस बिघडला तर घाबरू नका. रेप्लिका म्हणजे बॅकअपच. डॅशबोर्ड हिरवा असेल तर डेटा ठीक. नसेल तर रिपेअर चालवा आणि जुना प्रायमरी परत जोडा.’ हिंजवडीपासून खराडीपर्यंत डेटाबेसवाल्यांमध्ये हा सल्ला फिरतोय. (प्रायमरी म्हणजे मुख्य डेटाबेस सर्व्हर, रेप्लिका म्हणजे त्याची सतत ताजी होणारी प्रत, आणि मुख्य बंद पडल्यावर काम त्या प्रतीकडे जाणं म्हणजे फेलओव्हर.) नवी मुलं तो खरा मानतील, याची मला काळजी वाटते.

रेप्लिका बॅकअप नसते. प्रायमरीवर चुकून टेबल उडवलं की काही क्षणांत तिथलंही उडतं. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेमध्ये प्रायमरीचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. रोजचा बॅकअप, त्याच्या साधनाची आवृत्ती डेटाबेसशी न जुळल्यामुळे, होतच नव्हता, हे तेव्हा कळलं. सुमारे सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटने वाचवलं.

‘हिरवं म्हणजे ठीक’ हे तर सगळ्यांत घातक. कोथरूडच्या एका कंपनीकडे सोसायट्यांचे हिशेब होते, पोस्टग्रेस या डेटाबेसवर. फेलओव्हर सुरळीत झाला आणि सकाळी काही फ्लॅट सापडेनात. क्लार्कने बी-704 पुन्हा भरला. युनिक इंडेक्स (तीच नोंद दोनदा न घेणारी शोधसूची) असूनही तो घेतला गेला! मी दोन रात्री डिस्क आणि मेमरी तपासत बसलो. पेजेस (डेटाचे डिस्कवरचे ठरावीक तुकडे) शाबूत, त्यांची बिघाड पकडणारी बेरीज म्हणजे चेकसम बरोबर. इंडेक्स न वापरता टेबल वाचल्यावर मात्र जुनी नोंद जागच्या जागी होती.

दोष होता ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीत. रेप्लिकाचं मशीन नवं होतं. 2018 मध्ये आलेल्या जीलिबसी 2.28 ने, म्हणजे लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने, अक्षरांची क्रमवारी बदलली. इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेनुसार क्रम ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) पूर्वी ‘11’ आधी यायचं आणि ‘1-1’ नंतर, आता उलट. आमच्याकडे काही नोंदी डॅशसह होत्या, काही डॅशविना. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि नवं मशीन तो नव्या क्रमाने वाचत होतं, म्हणून शोध इंडेक्सच्या झाडाच्या भलत्याच फांदीत जायचा. आधी दुबार नोंदी निस्तरल्या, मग रीइंडेक्स केलं. फेलओव्हरच्या आधीच दोन्ही मशीनच्या आवृत्त्या ताडून पाहिल्या असत्या, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

‘रिपेअर चालवा’ म्हणणाऱ्यांनी त्या कमांडचं नाव तरी वाचावं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये ती ‘रिपेअर अलाऊ डेटा लॉस’ आहे. पोस्टग्रेसचं ‘झिरो डॅमेज्ड पेजेस’ हे सेटिंग खराब झालेलं 8 केबीचं पेज शून्य मानतं. त्यावरच्या चांगल्या ओळीही गेल्या. सर्व्हर बंद करून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत काढल्याशिवाय यातल्या कशालाही हात लावू नका.

आणि जुना प्रायमरी? 21 ऑक्टोबर 2018 रोजी गिटलॅबसारख्याच गिटहबचं नेटवर्क फक्त 43 सेकंद तुटलं. तेवढ्यात अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर एकमेकांकडे न पोचलेल्या नोंदी साठल्या, आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली. ‘पीजी रिवाइंड’ने, म्हणजे जुन्या सर्व्हरला नव्यासारखं करणाऱ्या पोस्टग्रेसच्या साधनाने, जुना प्रायमरी जोडला की त्याच्याकडे एकट्याकडे असलेल्या नोंदी जातात. त्या आधी बाहेर काढून नव्याशी ताडून बघा. फेलओव्हरच्या त्या मिनिटात कुणीतरी भरलेल्या मेंटेनन्सची पावती कदाचित फक्त तिथेच असेल.