गडकरी वाचायचं चॅलेंज: काही उपयुक्त सूचना

जानेवारी उजाडला की कुणी ना कुणी वाचनाचं चॅलेंज घेतंच. यंदा आमच्या वाड्यावरच्या एकाने राम गणेश गडकऱ्यांची सगळी नाटकं वाचायचं घेतलं. त्याचं बघून तुम्हालाही हुरूप आला असेल, तर चार अनुभवाचे बोल ऐका. अनुभव त्याचा, भोगलं मी.

आधी जाहीर करा, पुस्तक मागाहून. स्टेटसवर ‘या वर्षी फक्त गडकरी!’ एवढं टाकलं की निम्मी नाटकं तिथेच वाचून होतात. उरलेली निम्मी लोकांच्या अंगठ्यांवर निभतात. नाटकं एकूण किती, हे मात्र कुणाला मोजू देऊ नका. गडकरी २३ जानेवारी १९१९ला गेले, वयाची ३४ही पुरी न करता. हातून पुरी झाली ती चार: प्रेमसंन्यास, पुण्यप्रभाव, एकच प्याला, भावबंधन. राजसंन्यास आणि वेड्यांचा बाजार अपुरी राहिली. आता चार नाटकं म्हटली की चॅलेंजची हवाच जाते, म्हणून ‘समग्र’ म्हणावं. समग्रला वजन असतं.

फोटो एप्रिलात काढा. उर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा, ग्लास, त्यात लिम्का, उभी चिरलेली मिरची, चिमूटभर मीठ, आणि शेजारी पालथं घातलेलं ‘एकच प्याला’. सुधाकराच्या संसाराचं ज्यापायी वाटोळं झालं, ते पुस्तकाला टेकवून ठेवायला धाडस लागतं. तळीरामाने आर्य मदिरा मंडळाची शाखा गोव्यात काढली असती, तर त्याला सभासद शोधत फिरावं लागलं नसतं. पुस्तकावर ग्लासाचं ओलं वर्तुळ उमटलं तर पुसू नका. फोटोत छान दिसतं.

वाचायचा कंटाळा आला तर मोबाइलवर ‘एकच प्याला’ची पदं लावा आणि ‘गडकरी अनुभवतोय’ असं लिहा. ती पदं वि. सी. गुर्जरांनी रचली आहेत, गडकऱ्यांचा त्यातला एक शब्दही तुमच्या कानावर पडलेला नाही. पण हे लक्षात येणारा माणूस तुमच्या स्टेटसवर कशाला येतोय?

‘भावबंधन’ तर आपल्याला वाचायची गरजच नाही. त्यातली लतिका कुणी रंगवली? दीनानाथ मंगेशकरांनी. दीनानाथ कुठले? मंगेशीचे. म्हणजे नाटक आपल्या घरचं. घरचं कोण वाचतं?

पुस्तक परत करायच्या तारखेबाबत ‘प्रेमसंन्यास’मधल्या विसराळू गोकुळाचा आदर्श ठेवावा.

आणि आता शेवटची, सर्वांत महत्त्वाची सूचना. वाचनालयात ‘भावबंधन’ची एकच प्रत असेल तर तीच घ्या आणि सात-आठ महिने घरी ठेवा. मधल्या काळात तालुक्याला दर शनिवारी कुणी एक म्हातारा बस पकडून येतो, काउंटरवरच्या बाय त्याला ‘अजून येवंक ना’ (अजून आलं नाही) म्हणतात आणि तो परत जातो, ही त्याची हौस समजा. पावसात छत्री उलटी झाली तरी हौस. बाय फोन करतील, तुम्ही ‘फाल्यां हाडटां’ म्हणा, उद्या आणतो. तो फाल्यां पंचमी करून येतो, अष्टमी करून येतो. चवथ तोंडावर आली, घर रंगवायला काढलं, कपाट हललं, की पुस्तक आपोआप सापडतं. मग पोराच्या हाती पाठवून द्या, स्वतः जाऊ नका. आत पहिल्या १८ पानांवर पिवळ्या खुणा असाव्यात, म्हणजे अभ्यास दिसतो. १९व्या पानापासून पुस्तक कोरं असलं तरी चालेल. आणि शेवटच्या अंकातली पानं हवीच असतील, मुलीच्या स्वगत स्पर्धेसाठी म्हणा, तर ब्लेड घ्या. पट्टी ठेवून कापा. कापलेलं पटकन दिसत नाही. बायनाही दिसलं नाही. मला दिसलं, रात्री साडेअकराला, लाइट गेलेली असताना, टॉर्चच्या उजेडात, खलनायक घनश्यामचे सगळे डाव रंगात आलेले असताना.

झेरॉक्स दोन रुपयांना मिळते रे! वाचनालयाच्या खालीच मशीन आहे. तू काउंटरवरून उतरतोस त्या जिन्याच्या पायथ्याशी! आणि आता नेटवर फुकट मिळतं असं मला सांगू नकोस. गडकऱ्यांच्या लेखनावरचा हक्क संपून कितीतरी वर्षं झाली, मिळतं ते मलाही ठाऊक आहे. मग तू का नाही तिथून घेतलंस? तुला फोटोला पुस्तक हवं होतं. मला वाचायला हवं होतं, कारण मोबाइलवरची अक्षरं माझ्या डोळ्यांना अर्ध्या तासाच्या वर झेपत नाहीत.

मी आठ वर्षांचा होतो तेव्हा गावच्या जत्रेत हे नाटक झालं. पालखी देवळात परतल्यावर पडदा वर गेला, पहाटेपर्यंत चाललं, आणि शेवटच्या अंकाला मी आईच्या मांडीवर झोपलो होतो. म्हटलं, आता निवृत्त झालोय, शेवट एकदा धड वाचून काढू. हे माझं चॅलेंज. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

‘भावबंधन’ गडकऱ्यांनी अखेरच्या आजारपणात पुरं केलं, माहीत आहे तुला? अंगात त्राण नसताना. गडकऱ्यांची अपुरी नाटकं दोन. आमच्या वाचनालयात ती आता तीन आहेत, आणि तिसरं तू केलंयस.

पानं अजून घरात असतील. स्वगत झालं ना? बक्षीसही मिळालं, स्टेटसवर पाहिलं. पोरीच्या फाइलीत बघ, फ्रीजवर बघ. रद्दीत गेली नसतील तर बायकडे आणून दे. माझं नाव सांग. चिकटपट्टी मी घेऊन जाईन.