तात्काळ व विनाविलंब

दुपारी पावणेदोनला आईचा फोन. मी नुकताच डबा उघडला होता. "अगं, ह्यांची पेन्शन बंद झाली वाटतं. कागद आलाय," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. तो आवाज ऐकून मी डबा तसाच ठेवला, अर्धी रजा टाकली आणि घरी गेले.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन आईला मिळतं, त्यावर तिचं सगळं चालतं. माझ्याकडून भाजीचे पैसेसुद्धा घेत नाही. "माझी पेन्शन आहे" हे वाक्य ती ज्या मानानं म्हणते ते ऐकलेल्यांनाच कळेल की आज तिच्या पोटात काय गोळा आला असेल.

घरी पोहोचले तर ती टेबलाशी बसलेली. चष्मा, त्यावर भिंग, हातात पेन्सिल. पत्र दोन पानी. पहिलं वाक्य पहिल्या पानावर सुरू होऊन त्याच पानाच्या तळाशी कसंबसं संपत होतं. उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की. सदरहू प्रकरणी आवश्यक त्या योग्य व उचित कार्यवाहीस्तव. संबंधित कागदपत्रे विहित मुदतीत, तात्काळ व विनाविलंब सादर करण्यात यावीत. अन्यथा पुढे होणाऱ्या परिणामांस आपण स्वतः व्यक्तिशः जबाबदार राहाल.

आईनं दोनच शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. परिणामांस. जबाबदार.

माझी आई अडाणी नाही. जुनी सातवी पास आहे, रोजचा पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचते. तिला मराठी येतं. त्या पत्राला येत नव्हतं.

आवश्यक आणि योग्य आणि उचित! अयोग्य कार्यवाही करायचा विचार होता का कुणाचा? तात्काळ म्हटल्यावर विनाविलंब कशाला? स्वतः म्हटल्यावर व्यक्तिशः कशाला? प्रत्येक शब्दाला एक जोडीदार दिलाय आणि त्या गर्दीत जे सांगायचं तेच हरवलंय. कुठला कागद हवाय ते दुसऱ्या पानावर खालून तिसऱ्या ओळीत, तेही "अ.क्र. ४ वरील त्रुटीची पूर्तता" असं. अ.क्र. ४ चा तक्ता सोबत जोडलेल्या सहपत्रात. (सहपत्र सोबतच असतं हो. म्हणून तर ते सहपत्र.) आणि तो तक्ता पाकिटात नव्हताच.

तिला रिक्षात घालून त्या कार्यालयात गेले. आईनं घरातल्या सगळ्या कागदांची पिशवी बरोबर घेतली होती, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यापासून लाइटबिलापर्यंत. टेबलावरच्या बाईंनी पत्र बघितलं, संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, काही नाही झालेलं. आधारची झेरॉक्स राहिलीये फक्त. उद्या साध्या अर्जासोबत आणून द्या, पेन्शन चालूच आहे."

बस्. आई तिथल्या बाकावर बसली आणि पदरानं डोळे पुसले.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाहीये. बोलताना इतकं नीट, इतकं मायेनं सांगता येतं. मग हेच कागदावर उतरताना काय होतं? जी बाई "काकू, काही नाही झालेलं" म्हणते, तिच्याच कार्यालयातून "परिणामांस जबाबदार राहाल" कसं बाहेर पडतं?

आणि नियम बघा. आपण सामान्य माणसांनी महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचा तर तो एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवावा, असा नियम २०१२ साली आणला गेला. म्हणजे कमी शब्दांत लिहायला लोकांना सांगता येतं! दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माझ्या आईनं १५० शब्दांत प्रश्न विचारायचा, आणि तिला येणाऱ्या पत्राला मात्र शब्दांची मर्यादा नाही. ती मर्यादा आधी तिकडे लावा ना. राजभाषा अधिनियम १९६४ चा. राज्याचा कारभार मराठीत आणला तो कशासाठी? आईसारखीला भिंग घेऊन बसावं लागू नये म्हणूनच ना?

हो, संदर्भ क्रमांक लागतो, तारीख लागते, कोणत्या नियमाखाली ते लागतं. उद्या वाद झाला तर कागदच बोलतो. मान्य. पण "उचित" लिहिल्यानं कुठला दावा जिंकता येतो ते मला दाखवा.

आणि कुणी म्हणेल, मराठीत जोडशब्द आहेतच की. आहेत, आणि मला ते फार आवडतात. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून, दोघं मिळून कागदपत्र झालं. बाजारहाट, धनदौलत तसेच. दोन बोलीची माणसं एका पेठेत राहिली, एकमेकांना कळावं म्हणून दोन्ही शब्द शेजारी ठेवले असतील. पिवळा पीतांबर म्हणा, कमानीवर सुस्वागतम् लिहा (स्वागतातच सु आहे, तरी लिहा), त्यानं कुणाचं दुपारचं जेवण राहत नाही. पण "योग्य व उचित" समोरच्याला कळावं म्हणून लिहिलेलं नसतं. ते वजन यावं म्हणून लिहिलेलं असतं. आमच्या सोसायटीत पाणी बंद राहणार असल्याची नोटीस मी तीन ओळींत लिहिली तर दोन सभासद म्हणाले, ऑफिशियल वाटत नाही. वार, वेळ, कारण, सगळं होतं तिच्यात. आणखी काय हवं होतं?

आपली जुनी पत्रं आठवा. शेवटी "बहुत काय लिहिणे" असायचं. तोही ठरलेला मजकूरच, पण त्यात समोरच्याच्या शहाणपणावर केवढा विश्वास होता. आणि तार? २०१३ च्या जुलैत बंद झाली, तोवर शब्दागणिक पैसे पडायचे. आजी गेली तेव्हा बाबांना तीन शब्दांची तार आली होती आणि ते त्याच रात्रीच्या एसटीनं निघाले.

बाबा. त्यांच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण लिहिते. बाबा सरकारी कारकून म्हणून लागले आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. ३१ वर्षं त्यांनी हेच लिहिलं, टिपण्या, पत्रं, स्मरणपत्रं. रात्री घरी मसुदे आणायचे आणि लाल पेनानं शब्द खोडत बसायचे. म्हणायचे, "साहेबाला पान उलटावं लागलं की सही उद्यावर जाते. आणि सही उद्यावर गेली की कुणाचं तरी काम अडतं." माझा सगळा राग तिथून आलाय. हे करता येतं, मी करताना बघितलंय. आज बाकावर बसून आई म्हणाली, "हे असते तर एका मिनिटात सांगितलं असतं काय ते." ज्या माणसानं जन्मभर लोकांसाठी शब्द खोडले, त्याच्या बायकोला त्याच्याच पेन्शनचं पत्र कळू नये?

त्या टेबलावरच्या बाईंवर माझा राग नाही. मी त्यांना विचारलं की असं का लिहिता. त्या म्हणाल्या, "मॅडम, जुना नमुना आहे. त्यातलं काही काढलं तर वरून फाइल परत येते." खरं असणार. त्याही घाबरतात, वरचा त्याच्या वरच्याला घाबरतो, आणि सगळ्यांची भीती त्या दोन पानांत उतरून शेवटी माझ्या आईच्या टेबलावर येते. पण कुणीतरी पहिल्यांदा खोडायला नको का?

आत्ता रात्री जेवणं झाल्यावर उद्याचा अर्ज लिहायला बसलो. मी लिहिलं: "आपल्या पत्रात मागितलेली आधार कार्डाची झेरॉक्स सोबत देत आहे." वर पत्राचा क्रमांक आणि तारीख, खाली सहीला जागा.

आईनं वाचलं. म्हणाली, "एवढंच? अगं, रिकामं दिसतंय. काहीतरी लिही ना खाली. तसदीबद्दल क्षमस्व वगैरे."

म्हटलं, तसदी तुला झालीये.

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग बाबांचं पेन मागितलं आणि सही केली.